एका हाताने बांधलेली पट्टी

ता. ९, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद घे, नको असेल तर पाकिटात घालून परत पाठव. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्याइतके नाही. तू आपलं शिवणाचं दुकान सोडलंस त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, त्याला हसू नकोस, तुझं काही मोत्यांचं नव्हतं.

पत्राला कारण असं की काल आपल्या पिटुकलीने अख्खा हॉल गप्प केला आणि मग डोक्यावर घेतला.

पिटुकली म्हणजे माझी नात, तुझ्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची ती. आता दारातून आडवी होऊन आत येते आणि टीव्हीवर कुस्त्या खेळते. त्यात कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. मी विचारलं, मग लोक तिकीट कशाचं काढतात? म्हणाली, रागाचं. राग पटला तर माणसं येतात, नाहीतर खुर्च्या.

तिची एक जोडीदारीण होती, दोघी मिळून खेळायच्या. मागे तिने भर रिंगमध्ये हिच्या पाठीत खुर्ची घातली आणि दुसऱ्या गटात गेली. तेही ठरवूनच. आता पिटुकलीने माईक घेऊन मुलाखतीत सुडाची भाषा करायची होती. मॅनेजरने बजावलं होतं, मुलाखत पडली तर रविवारची मोठी कुस्ती दुसरीला, आणि तू परत सुरुवातीच्या कुस्त्यांत, लोक जागा शोधत असतात तेव्हाच्या.

आठवडाभर माझ्या दुकानात सराव चालला. हाडं मोडीन, रक्त पिईन, उभी चिरीन. ब्लाऊज शिवायला आलेली बाई मापं न देताच पळाली. मी म्हटलं, "राग आलाय की पोटात कळ?"

तशी पाटावर बसकण मारली पोरीने. म्हणाली, "आजी, राग येतच नाही गं. ती मैत्रीण आहे माझी. आत्ताच एका डब्यात जेवून आलो."

अगं, राग मैत्रिणीवरच येतो. परक्यावर येतो तो वैताग, बस चुकल्यावर येतो तसला. हे मी तिला सांगितलं आणि विचारलं की ती तुझं असं काय करते, जे बघणाऱ्याला दिसत नाही? मग म्हणाली, कुस्तीच्या आधी मनगटाला पट्टी बांधते. मी तिची, ती माझी.

"खुर्ची घातली त्या दिवशी बांधली होती?"

"हो की."

"मग खुर्चीचं नाव काढू नकोस."

हे तुला कसं सुचलं, म्हणून तिने मला छेडलं. शिवता शिवता सुचतं, म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही.

काल मी पहिल्या रांगेत होते. पिटुकली आली, ओरडली नाही, पाय आपटले नाहीत. नुसता हात पुढे केला. मनगटावरची पट्टी सैल, टोक लोंबतंय. म्हणाली, "एका हाताने नीट बांधता येत नाही." एवढंच. माझ्या शेजारचा गडी तोंडात घास धरून बसला, चावेना. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "रविवारी ये. मी वाट बघते."

हाडं नाहीत, रक्त नाही. आणि हॉल असा उसळला म्हणून सांगू! मी खुर्चीवर चढून शिट्टी मारली. हो, या गुडघ्यांनी. आत गेले तर ती जोडीदारीणच हुंदके देत होती आणि पिटुकली तिला पाणी पाजत होती. मॅनेजर म्हणाला, मोठी कुस्ती हिचीच. मला वाटतं जिला संपवायचीच आहे तिला धमकी द्यावी तसं बोललं की खोटं वाटतं. जिला परत समोर बघायचंय तिच्याशी बोलावं तसं बोललं की पटतं.

आता तुझं. मोठ्या गावातल्या मोठ्या दुकानात गेलीस, कुणीही गेलं असतं. नुसती गेली असतीस तर दोन दिवस शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण गेलीस त्या दिवशीही, माझे डोळे अधू म्हणून, सकाळी माझ्या सगळ्या सुया दोरे ओवून टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवल्यास. आणि दुपारी बघते तर तुझ्या मशीनची जागा रिकामी. एक शब्द बोलली नाहीस.

त्यातली निळ्या दोऱ्याची सुई अजून तशीच आहे. जपून ठेवली असं समजू नकोस. गंजलीय, ओढली तर दोरा तुटेल.

सोबत तिकीट आहे. जागा माझ्या शेजारची. तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत, मी हलवून पाहिल्या. तेव्हा भिऊ नकोस.

रविवारी ये. मी वाट बघते.

ताई