नाव जाळणाऱ्यासाठी परत गेलेला नावाडी

३ फेब्रुवारी २०२५
सापडला! सेमिनारचा विषय सापडला! कॉलेजच्या लायब्ररीत, अगदी खालच्या फळीवर एक जुनी इंग्रजी अद्भुतकथा – लहान मुलांसाठीची. बोलणारे बगळे, जादूची नदी आणि एक नावाडी. बसमध्येच निम्मी वाचली. उतरायचा सिद्धेश्वरचा फाटा मागे पडला तेव्हा भानावर आले! दोन किलोमीटर मागे चालत आले. हसत.

५ फेब्रुवारी
संपली. रडले.
नावाडी सगळ्यांना पार नेतो. उतरताना प्रत्येकाचे पाय धुतो. त्याचाच सोबती त्याची नाव जाळतो – आणि पुरात तोच अलीकडे अडकतो. नावाडी पोहत परत जातो! त्याला पाठीवर आणतो, काठावर ढकलतो, आणि स्वतः बुडतो.
तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे बघतात तर – नावाडी काठावर निखारे पेटवून मासे भाजतोय! म्हणतो, या, खाऊन घ्या.

६ फेब्रुवारी
प्रतिक्षा मॅडमना स्टाफरूमच्या दारातच गाठलं. त्या आम्हाला इंग्रजी शिकवतात. शांतपणे म्हणाल्या, "सुकन्या, ही कुणाची गोष्ट आहे, ओळखलंस का?"
येशू ख्रिस्ताची! पाय धुणं, दुसऱ्याच्या पापापायी मरणं, तिसऱ्या दिवशी उठणं – किनाऱ्यावरचे भाजलेले मासेसुद्धा! त्याचे कितीतरी शिष्य मासे धरणारे होते. आमच्यासारखे! मला कुणी सांगितलंच नव्हतं!
आणि पुस्तकात ख्रिस्ताचं नाव एकदाही नाही. उपदेश नाही. पोरं आपली गोष्ट वाचतात आणि क्षमा गुपचूप आत शिरते. हेच मांडायचं!

९ फेब्रुवारी
बाबा अंगणात जाळं सांधत होते. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मासे भाजण्यावर खूश – "बराबर हाय. दमलेल्याला आधी खाऊ घालावं."
मग हात थांबला. "पर नाव जाळणाऱ्यासाठी काहून परत गेला? मी न्हाई गेलो असतो."
संतरामकाकांचं नाव घेतलं नाही त्यांनी. गरजच नव्हती. दहा वर्षांपूर्वी आमची जाळी ठेवायची झोपडी जळाली. आदल्याच दिवशी दोघा भावांचं भांडण झालेलं, म्हणून सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काका शपथा घेत राहिले. तेव्हापासून बोलणं बंद.

१० फेब्रुवारी
लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी
झाला सेमिनार! टाळ्या थांबेनात! मॅडम म्हणाल्या, "हे छापायला पाठव." छापायला – माझं!
शेवटी वर्गातल्या शितलनं हात वर केला. "त्या सोबत्याला नावाडी जाब विचारतो का गं?"
"नाही," मी म्हणाले. "नुसता मासा हातावर ठेवतो. मग तो आपणहून सांगतो – नाव मी जाळली."
साठ जणांसमोर हे म्हटलं आणि कागद गोळा करून खाली बसले.

१५ फेब्रुवारी
आज बाबांना सांगितलं. या वहीलाही कधी सांगितलं नव्हतं ते. झोपडीत मी चूल-चूल खेळत होते. खरी काडी ओढली. नऊ वर्षांची होते. काका तिथं नव्हतेच.
बाबांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग उठून चपला घातल्या.
"चल. संतरामला तूच सांग. मी हाय संगं."