आईच्या रश्शात माझी सुधारणा

३ फेब्रुवारी
लिफ्टमध्ये नोटीस लागली आहे. 'चौथ्या मजल्यावरून येणाऱ्या वासाचा संबंधितांनी बंदोबस्त करावा.' चौथ्या मजल्यावर मी आणि एक दंतवैद्य. दंतवैद्य वर्षभर परदेशात. प्रकरण वाढलं तर माझी बाजू लेखी असावी, म्हणून ही वही.

वास चोंगुकजांगचा. उकडलेलं सोयाबीन उबेत आंबवायचं, मग त्याचा रस्सा. माझी आई करायची. मागच्या आठवड्यात फोनवर मुलाला, गीबोमला, विचारलं, आजीचा रस्सा आठवतो का? म्हणाला, न आठवायला काय झालं आई, घरभर वास यायचा. म्हणजे पोरगा अजून त्या चवीसाठी झुरतोय. या महिन्यातल्या चांद्र नववर्षाला सुनेला आणि नात सोयुलला घेऊन जेवायला ये म्हटलं, तर बघतो म्हणाला.

पहिली खेप जरा उतू गेली. नोटीस त्याचीच. दुसरी अशी करायची, की यांची पावलं आपोआप इकडे वळतील. तीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं आहे.

४ फेब्रुवारी, सकाळ
सोयाबीन उकडलं. ते आंबावं म्हणून आई त्यात भाताचा पेंढा खुपसायची. इंचन शहरात पेंढा कुठला? डोकं चालवलं. सणाच्या भेटीत वाळक्या माशांची माळ आली होती, ती पेंढ्याच्या दोरीनेच बांधलेली असते. मासे सोडवले, दोरी घातली.

आमच्याकडे फरशीखालून ऊब सोडतात; ती सगळ्यात तापते त्या जागी टोपली ठेवली. ती ह्यांची जागा. ह्यांचीच रजई पांघरली. मी खिडकीकडे झोपते. तिथे गार आहे, पण हवा चांगली.

६ फेब्रुवारी
दाण्यांना तार सुटली. उत्तम. वासात मासा किंचित पुढे.
पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं. झोप आता, असं तोंडातून गेलं. टोपलीला. शिक्षकी सवय.

७ फेब्रुवारी
कमिटीच्या श्रीमती कू आल्या. नाकावर मफलर. म्हणाल्या, बाई, सगळं ठीक ना? नाही, म्हणजे... एकट्या राहता, वास येतोय, आम्हाला वाटलं... मी म्हटलं, मेलेली माणसं दार उघडत नाहीत. ओशाळल्या. म्हणाल्या, काळजी वाटते हो. काळजी वाटणारा माणूस आधी दार वाजवतो, मग नोटीस लावतो. चहा विचारला. थांबल्या नाहीत.

८ फेब्रुवारी
रस्सा केला. मासा अजून पुढेच. डुकराचं मांस उकडताना वास मारायला कॉफी घालतात, हे कुणालाही ठाऊक आहे. घरात दूध-साखरवाल्या पुड्या होत्या, त्या घातल्या. सोयुलला चीज आवडतं, तेही घातलं.
चव नवीन आहे. गोडसर. आईला हे सुचलं नसतं. मी दोन चमचेच घेतले. भूक नव्हती.

९ फेब्रुवारी
चार डबे भरले, गाठोड्यात बांधले, माझी दुहेरी गाठ मारली आणि निघाले. बसमध्ये लोकांनी खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ होतं. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, आजी, पिशवीतलं जिवंत आहे का? आजी नाही, बाई म्हणायचं, असं सांगितलं. म्हणाला, बरं बाई, पण त्याला मागच्या सीटवर बसवा.

गीबोमच्या दाराचा कोड मला दिलेला नाही. मीही मागितलेला नाही. गीबोमचा वाढदिवस तो कोड नाही. सोयुलचाही नाही. मग यंत्रच किंचाळायला लागलं. आतला टीव्ही बंद झाला. थोडा वेळ थांबले. घरी कुणी नव्हतं.

खाली वॉचमन प्यो यांच्याकडे गाठोडं दिलं. म्हणाले, वर फोन लावून देऊ का? नको म्हटलं, बाहेर गेलेत.

११ फेब्रुवारी
गीबोमचा मेसेज. 'आई, मिळालं. एवढा त्रास घेत जाऊ नकोस.'
आवडलेलं आहे. आणखी सोयाबीन भिजत घातलं. जेवायचं टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलं. चौघांना पुरतं.

१४ फेब्रुवारी
गीबोमचा फोन. सुट्टीत सुनेच्या आईवडिलांबरोबर जेजू बेटावर जायचं ठरलंय. तिकिटं आधीच काढली होती म्हणे. आधी, म्हणजे रस्सा चाखायच्या आधी. चूक माझी, डबे उशिरा पोचले.
रश्शाबद्दल विचारलं. म्हणाला, हं, आई, वेगळा होता. बघा!
डबे वॉचमनकडे ठेवतो, येशील तेव्हा घे म्हणाला. मी बजावलं, कुणाचा डबा रिकामा परत करू नये, हे तुला लहानपणी शिकवलंय, निदान एखादं संत्रं टाक. मग म्हणाला, रिकामा नसेल, आई.

१६ फेब्रुवारी
टेबल भिंतीला लावलं. मध्ये अडखळायला होत होतं.

१७ फेब्रुवारी, नववर्ष
सकाळची बस रिकामी. ड्रायव्हर दुसरा होता.
प्यो यांनी झाडाच्या कुंडीमागून गाठोडं काढून दिलं. म्हणाले, आजी, आम्ही हात नाही हो लावला. थंडी होती म्हणून बाहेरच ठेवलं, म्हणजे टिकेल. ते तेवढे... उतरलेच नाहीत न्यायला.
आजी म्हणाले. दुरुस्त केलं नाही.

परत मिळाले: डबे चार, झाकणं चार, गाठोड्यात. गाठ माझीच. रिकामा एकही नाही.