चार महिने सैल सोडलेल्या तारा

प्रिय बाळ्या,

तू होतास तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची पाळीच आली नाही! वरसोलीतून सायकलला टांग मारली की वीस मिनिटांत तुझ्या थळच्या पडवीत. जे काय बोलायचं ते तिथेच बोलून मोकळा व्हायचो.

आता लिहितोय, कारण तुझा बेस गिटार चार दिवस माझ्या खाटेवर पडलाय आणि मी समोर खुर्चीत. उद्या तुझी मंजिरी तो न्यायला येणार. तिला काय सांगायचं हे मला ठरवता येत नाहीये. आणि हे ज्याला विचारावं तो एकच माणूस, तर तोच दीड वर्षापूर्वी उठून निघून गेला!

ती रविवारी स्कूटरवरून आली. पाठीला बेस, त्यापुढे पोर केवढीशी. दारातूनच ओरडली, "विनूकाका, हा विकायचाय. गिऱ्हाईक बघा आणि मला नवा सुचवा. थोडे साठवलेत मी." तिच्या शाळेतल्या चार शिक्षकांनी मिळून बँड काढलाय म्हणे. गणिताच्या बाई बेस वाजवणार! तू असतास तर गावभर सांगत फिरला असतास.

मी विचारलं, "ह्याला काय झालं?"

"ह्याला कुठे, मलाच झालंय. मानेवरच्या पहिल्या तीन पडद्यांवर बोट ठेवलं की तार खरखरते. कितीही दाबा! आई म्हणते, बापाचेच हात घेतलेस. बाबांच्या हातातही शेवटी दम राहिला नव्हता ना?"

बाळ्या, लेकीला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

आठवतं का रे, हा बेस आपण कसा घेतला? मुंबईच्या त्या दुकानात नवे चकचकीत ओळीने टांगलेले, आणि तुझा डोळा लालवर! मी तुला ओढत कोपऱ्यात नेलं. तिथे हा उभा होता, तपकिरी, पोपडे निघालेला, कुठल्याशा ऑर्केस्ट्राने काढून टाकलेला. मी म्हटलं, अँपला जोडू नकोस. आधी तशीच तार छेड आणि लाकडाला हनुवटी टेकव. तू टेकवलीस, डोळे मिटलेस, आणि दुकानदाराला म्हणालास, "शेट, ह्यो तर बोटीच्या इंजनावानी बोलतोय!" आता बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय आठवणार? दुकानदाराला ती तक्रार वाटली. त्याने आणखी किंमत उतरवली.

तेवढं मात्र मी बरोबर सांगितलं होतं. लाकूड बोलतंय की नाही ते बघावं, रंग नाही. बटणं, वायरी, तारा सगळं मागाहून बदलता येतं, लाकूड बदलता येत नाही. जुना पण मोठा स्पीकर घ्यावा, छोट्या नव्याच्या लाल-निळ्या दिव्यांना भुलू नये. हे मला कोणी शिकवलं? कोणी नाही. रेडिओ उघडून उघडून शिकलेला वायरमन मी. तुला तरी कोण गुरू होता? पण हळदीच्या मांडवात तू उभा राहिलास की बाकीचे ऑर्केस्ट्रावाले येऊन विचारायचे, "ह्या जुन्या खोक्यातून एवढा गोल आवाज काढता कसा?"

समुद्राच्या बाजूला उघड्यावर मांडव असला की खालचा आवाज वाऱ्याबरोबर निघून जातो. पोरं मग बासचं बटण शेवटपर्यंत पिळतात आणि स्पीकर फाडून घेतात. तू बास थोडा उतरवून मधला आवाज वर घ्यायचास. शेवटच्या खुर्चीतली म्हातारीसुद्धा पाय हलवायची.

आणि त्या तारा उकळायच्या! खाऱ्या हवेने मंद झाल्या की सोडा घातलेल्या पाण्यात उकळून, उन्हात कडकडीत वाळवून परत चढवायच्या. एकदा तू वहिनींच्या भाताच्या टोपात उकळल्यास. "त्या टोपात मी परत भात न्हाय शिजवायची," म्हणाल्या, आणि खरोखर नाही शिजवला.

मग माझा तो नियम. तोही मीच काढलेला.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दोर सैल करतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, हळदी नाहीत, म्हणजे आपला बेसही किनाऱ्यालाच! मी म्हटलं, चार महिने लाकडाला ताण कशाला? आषाढीला तारा सैल सोडायच्या, तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा ओढायच्या. तुला जन्मभर दोर बघायची सवय, तुला ते लगेच पटलं. वर्षानुवर्षं आपण ते एखादं व्रत पाळावं तसं पाळलं.

त्याच्या जोडीला मी आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. बेसच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते, टोकाला चावी घालून ती कमी-जास्त आवळता येते. पहिल्याच वर्षी मला ती सैल वाटली. वायरमनला सैल स्क्रू दिसला की हात शिवशिवतो, कारण सैल जोडणी म्हणजे ठिणगी. मी ती घट्ट आवळून टाकली. पुढेही कधी हात लागला की थोडी आणखी. घट्ट ते चांगलं, एवढंच माझं शिक्षण!

मग किहीमची ती हळद झाली. तू पहिल्या पडद्यावर बोट ठेवलंस आणि तार खरखरली. पुन्हा ठेवलंस, पुन्हा तेच. मांडवाचा साउंडवाला माइकवरून म्हणाला, "काका, तारेत भुंगा शिरला काय?" सगळे हसले. तूही हसलास. पण मी अँपजवळ तुझ्या शेजारीच होतो, तुझे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी मी केबल बदलली, अँप उघडून साफ केला, नव्या तारा चढवल्या. खरखर जाईना. माझ्या बोटाखालीही खरखरत होती, पण मी कुठे वाजवणारा! एकूण एक वस्तू तपासली, मान तेवढी तपासली नाही. तिची सळई मीच आवळलेली होती ना? तिच्यात काय चुकणार?

आणि मग बंदरावर, चहाच्या टपरीपुढे, होड्या चालवणारे चार तांडेल बसलेले असताना तू विचारलंस, "विन्या, खरं सांग. नक्की काय झालंय?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "वस्तूत काही दोष नाही बाळ्या. बोट दाबलं जात नाही तुझं. हात थकले आता."

त्यातला एक तांडेल म्हणाला, "मंग आमच्या इंजनाचा नट कोन खोलील रं?" हशा झाला. थट्टाच होती ती. पण त्या मोसमानंतर तुझ्याकडे येणारी इंजिनं एकेक करून अलिबागच्या गॅरेजला जायला लागली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. बाळूला कशाला त्रास, म्हणून. आणि तू? बेस भिंतीला टांगलास. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलास. पाना उचलण्याआधी तळहाताकडे बघायचास. मी ते बघायचो, आणि मनात म्हणायचो, बघा, माझं निदान किती बरोबर!

पण तू तरी माझं का ऐकलंस रे? एरवी मी सांगितलेलं निम्मं तू हसण्यावारी न्यायचास. चार शिव्या का नाही हासडल्यास? बाकी सगळं सोडून नेमकं हेच कसं खरं धरलंस?

मंजिरी गेल्यावर मी बेस उचलला. बंदुकीचा नेम धरावा तसा एक डोळा मिटून मानेवरून खिडकीकडे नजर टाकली. मान पाठीमागे वाकली होती, मध्ये फुगवटा. वर लोखंडी पट्टी ठेवली तर ती डुलायला लागली.

ही तपासणी मी गेल्या वर्षी मोबाइलवर पाहिली होती. एक कारागीर सांगत होता, तारा मान पुढे ओढतात, सळई मागे ओढते, दोघींची ओढ सारखी असली की मान सरळ. सळई आवळलेली ठेवून तारा महिनोन्‌महिने सैल सोडल्या की सळई जिंकते. असं का करत असतील लोक, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आपलंच आहे हे डोक्यातही आलं नाही!

चावीने पाव फेरा सैल केला. बाळ्या, पाव फेरा! लाकडाला वेळ दिला. दुसऱ्या दिवशी आणखी पाव. आज सकाळी पहिल्या पडद्यावर माझं संधिवाताचं बोट टेकवलं, आणि तार स्वच्छ बोलली.

मी दार लावून घेतलं. कोण येणार होतं म्हणून लावलं, देव जाणे.

आता सांग, कसा सुटू? मंजिरीला म्हणू, विकून टाक हा, तुला दुसरा बघून देतो? मग हा कोणा परक्याकडे जाईल आणि कोणाला कधीच कळणार नाही. म्हणू, जरासं सेटिंग केलं? ती म्हणेल, काकांनी जादू केली, आणि ती जादू अंगावर घेऊन मी तुझ्या घरी गणपतीला पंक्तीत बसायचं. आणि खरं सांगायचं तर तुझ्या घराचं दार माझ्यासाठी राहील का? माझी ही गेल्यापासून दुसरं दार आहे कुठलं मला? कुठूनही निघू बघतो तर पुढे आपलीच भिंत.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितोय, कारण दोघी येऊन गेल्या.

मंजिरी एकटी येईल वाटलं होतं, पण वहिनीही आल्या. मंजिरीने बेस मांडीवर घेतला, माझ्या छोट्या अँपला जोडला, पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं आणि थांबली. पुन्हा वाजवलं. "काका! हा तोच आहे?"

वहिनी म्हणाल्या, "विनूभावजी, तुमच्या हाताला गुण हाय."

गप्प बसलो असतो तरी भागलं असतं रे. नुसतं हसायचं होतं. पण त्या बाईने माझ्या हाताचं नाव काढलं, तुझ्या लेकीसमोर, तुझ्या माघारी, आणि माझ्याने गिळवेना. सगळं सांगितलं. सळई, आवळणं, आषाढी, तुळशीचं लग्न, टपरीवरचं बोलणं.

मंजिरी म्हणाली, "पण तुम्हाला माहीत नव्हतं ना, काका?"

"माहीत नव्हतं. पण माहीत असल्यासारखं बोललो."

वहिनींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या बेसकडे बघत होत्या. नजर न हलवता विचारलं, "म्हंजे ह्यांचे हात चांगले व्हते?"

"होय वहिनी. त्यांत काहीच दोष नव्हता."

"शेवटची दोन वरसं मी त्यांना नारळ सोलू दिला न्हाय," त्या म्हणाल्या. "हातातनं कोयता काढून घ्यायची. द्यायचे ते मुकाट."

एवढं बोलून त्या बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभ्या राहिल्या. चप्पल घालायची राहिली होती, ती मंजिरीने हातात नेली.

बेस ती घेऊन गेली. विकणार नाही, एवढंच म्हणाली. तिला मी दारातच सांगितलं, नव्या बेसचे पैसे राहू देत, बरा स्पीकर घे, तारा पावसाळ्यातही ताणलेल्याच ठेव, आणि सळईला हात लावशील तर आधी मानेवरून बघून घे. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. निघताना आपल्याकडे 'येते' म्हणतात. ती म्हणाली, "जातो आम्ही."

तुझी माफी मागत नाही. ती द्यायला तू नाहीस, आणि वहिनींकडे मागायचं तोंड नाही. त्यांनी बोलावल्याशिवाय तुझ्या पडवीत पाय ठेवणार नाही. मला वाटलं होतं, खरं बोललो की सुटेन. कुठलं काय! पूर्वी एकटा अडकलो होतो, आता त्या माउलीलाही आत घेतलं.

पण एक वचन देतो. त्या चार तांडेलांपैकी दोघं अजून आहेत, रोज बंदरावर बसतात. मी उद्या जाणार. त्याच टपरीपुढे, असतील तेवढ्या माणसांदेखत, मोठ्याने सांगणार, की बाळ्याचे हात थकले नव्हते, मी चुकलो होतो. ते म्हणतील, आता काय उपयोग? म्हणू देत. थट्टा केली तरी ऐकून घेईन. एकदा सांगून कोणाच्या ध्यानात राहिलं नाही तर परत जाईन, परत सांगेन. तुझ्या हातांचं नाव निघालं की थळमध्ये लोकांनी पुन्हा इंजिनांबद्दलच बोललं पाहिजे, तोवर जात राहीन.

तुझा,
विन्या