उघडलेल्या मुठीचा अपराध

अखिल-द्विदल-धान्य-परीक्षक, जळगाव-डाळमिल-तुलाधीश, पीतधूलि-विभूषित, पौत्री-मुष्टि-विमोचक, पितळी-परात-धारक आबा,

आपण निवर्तलात आणि आपल्या नातीची मूठ उघडण्याचे शास्त्र या घरातून जवळजवळ लुप्त झाले. तिला आता पंधरावे लागले आहे. मान अद्याप सावरत नाही, मुखातून शब्द नाही, आणि अंगठा आत दाबून वळलेली ती मूठ पूर्ववत अभेद्य आहे. आपण मिलमधून परतलात की परातीत तूरडाळ पसरून उन्हात ठेवत असा, आणि डाळ कोमट झाली की तिचे मनगट तीत पुरून निवांत बसत असा. मी उतावीळपणे तिची बोटे ओढू लागे. आपण डोळे वटारत असा. "घाई नको करू रे. तिना हात शे, तीच उघाडी." आणि काही वेळाने, कमळालाही संकोच वाटावा अशा सावकाशीने, ती उघडत असे.

गेल्या महिन्यात अपंगत्वाच्या कार्डाचे नूतनीकरण करणारे शिबिर भरले. कार्ड नसेल तर पुनर्वसन केंद्रातला मोफत व्यायामोपचार बंद. तो बंद झाला की कंबर आखडून तिला टेकूनही बसता येणार नाही. विधात्याने दिलेल्या व्याधीची मुदत संपत नाही, कार्डाची मात्र संपते. सबब आपली कन्या अद्याप बरी झाली नाही, हा अपराध पित्याने वारंवार शासनदरबारी कबूल करावयाचा असतो. पहिल्या टेबलावर बोटांचे ठसे, दुसऱ्यावर डॉक्टर, अशी व्यवस्था होती.

"बोटं सरळ करा, नाना," यंत्रापाशी बसलेला मला म्हणाला.

"तिला ते जमत नाही. त्यासाठीच तर आलो आहोत."

"मग जमलं की या."

या उत्तरातील वेदान्त मला आजतागायत पचलेला नाही. मी संतापाने संस्कृत आठवत उभा राहिलो. हिच्या आईने मात्र निमूटपणे पिशवीतून आपली ती पितळी परात काढली आणि आवारात, दुचाकींच्या रांगेमागच्या उन्हात, डाळ पसरली. शिपाई धावत आला. "ओ ताई, ही काय डाळ वाळवायची जागा आहे?"

"वाळवत नाही, भाऊ. मूठ शिजवतेय."

आबा, मूठ उघडली! आम्ही पोरीला उचलून यंत्राकडे अक्षरशः धावलो, ठसे उमटले, आणि त्याच विजयोन्मादात दुसऱ्या टेबलापुढे उभे ठाकलो. डॉक्टरसाहेबांनी तिच्या तळव्याला चिकटलेले डाळीचे दाणे पाहिले, मोकळी बोटे पाहिली. "अरे वा, हात तर छान उघडतोय. सुधारणा आहे!" म्हणाले, आणि अपंगत्वाची टक्केवारी इतकी उतरवली की केंद्राचे दार आमच्यासाठी मिटले. मी म्हणालो, "साहेब, ही सगळी कोमट डाळीची कृपा आहे." साहेब म्हणाले, "मग रोज वरण खाऊ घाला की!" सारी खोली हसली. तेवढ्यात तिची मूठ पुन्हा मिटली. मी ती साहेबांना दाखवली. तोवर सहीची शाई वाळली होती. मूठ मिटलेली असेल तर ती यंत्राला नको, उघडलेली असेल तर ती शासनाला नको. किळस येते आबा, आणि किळस या शब्दाला तेवढ्या ताकदीचा संस्कृत प्रतिशब्द मला सापडत नाही.

हे पत्र मी धाडणार नाही. साहेबांच्या त्या विनोदावर मीही हसलो होतो, आणि हे आपल्याला कळू नये अशी माझी इच्छा आहे.

आता अपील करावयाचे आहे. अपिलालाही ठसे लागतात, म्हणजे परात लागणार. आणि गडबडीत ती आवारातच राहिली. स्टीलची परात वापरून पाहिली, तिच्यात डाळ लगेच निवते. तीनदा खेटे घातले. आपली परात शिपायाच्या कपाटावर मला स्पष्ट दिसते. तो म्हणतो, "आत आणल्याची नोंद नाही, तर बाहेर कशी सोडू?"