आठवं लागलेल्या मुली

६ जानेवारी
ओपीडी. राजापूरकडची सानिका, आईबरोबर एसटीने आलेली. नऊ वर्षांची, पाळी सुरू झालीय. आईने पिशवीतून जुना कागद काढला. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या शिबिराचा, अक्षर माझं. "छातीची वाढ सुरू. वय ८. नॉर्मल. काळजी नको."
जन्मदाखला पाहिला. तेव्हा तिला सातच वर्षं पूर्ण झाली होती. आठाच्या आत वाढ सुरू झाली तर तपासायचं, लागलं तर इंजेक्शनं देऊन थोपवायचं, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते.
"मॅडम, मी तवाच बोल्ली ना, आठवा लागलाय पोरीला."
बोलली होती. मी ८ लिहिलं.

७ जाने.
हाताचा एक्स-रे आला. हाडं वयाच्या खूप पुढे, म्हणजे उंची लवकर थांबण्याची भीती. इंजेक्शनं आता सुरू करतेय, पण उशीर तो उशीर.
संध्याकाळी पावसला गावी, आईकडे. विचारलं, मी किती वर्षांची गं? "पंचेचाळिसावं चाललंय." म्हणजे पूर्ण चव्वेचाळीस. आमच्याकडे वय असंच सांगतात, चालू वर्ष धरून. लहानपणापासून ऐकलेलं. मुंबईला शिकायला गेले आणि कान तिकडेच ठेवून आले. गाढव मी.

११ जाने.
रविवार. शिबिराचे सगळे फॉर्म काढले. घरोघर फोन करून जन्मतारखा घेतल्या. एकटी सानिका नाही. कितीतरी जणींचं वय वर्षाने जास्त लिहिलंय.
आणि याच फॉर्मांवर माझा रिसर्च पेपर उभा आहे: किनाऱ्यावरच्या मुली वेळेवर वयात येतात, घाबरू नका. पहिलं नाव माझं असलेला एकुलता एक पेपर. बाकी सगळीकडे मी चौथी-पाचवी, नाहीतर तळाशी आभारात. प्रोफेसरपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात. छान.

१३ जाने.
सरांना फोन. मुंबईचे माझे गाईड, पेपरवर शेवटचं नाव त्यांचं. पेपर मागे घेऊ या म्हटलं.
"अगं, एका वर्षाने काय आभाळ कोसळतं? कोणी विचारलंय का?"
"मी विचारतेय, सर."
"तो काढलास तर तुझ्या यादीत उरतं काय? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस."
धोंडा त्या पोरीच्या पायावर पडलाय, असं म्हणायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीसारखं. राग राग झाला. सरांचा थोडा, स्वतःचा जास्त.

२० जाने.
पेपर मागे घ्या म्हणून जर्नलच्या संपादकांना पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं. सगळ्या लेखकांची संमती हवी. सर सही करत नाहीत. नका करू.
मुलाखतीच्या अर्जात पेपर यादीत ठेवला. पुढे लिहिलं: "निष्कर्ष चुकीचा. वयं मी चुकीची लिहिली. मागे घेण्यासाठी पत्र दिले आहे." ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "मॅडम, असं कोण लिहीत नाय हो." म्हटलं, मी लिहिलंय ना, करा टाइप.

४ फेब्रु.
सरांची सही अजून नाही. मुलाखत सोमवारी.
आज शिबिरातल्या मुली परत बोलावल्या होत्या. नव्या फॉर्मवर वयाचा रकानाच नाही. जन्मतारीख, दाखला बघून. सानिकाची आई सगळ्यांच्या आधी हजर, वाडीतल्या आणखी चार मुली घेऊन. चूक माझी होती हे तिला फोनवर सांगितलं होतं. आज समोर ओरडेल असं वाटलं.
"ओरडून पोर परत ल्हान व्हतेय काय? ह्या चौघींचा बघा. दाखले आणलेत."
माझेच डोळे भरले. तिचे नाही.
मग सानिकाने विचारलं, "माझी उंची वाढेल?"
काळजी नको, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "माहीत नाही," म्हटलं. "मोजू या."
तिने चपला काढल्या, भिंतीला टाचा टेकवल्या आणि मान ताणता येईल तितकी ताणली.