खोत्सोच्या वाफ्यातली गाजरं

प्रिय वायरा,

लग्न होऊन तू आमच्या खळग्यात आलीस त्या दिवसापासून आज पहिल्यांदाच तुला तुझ्या माहेरच्या नावाने हाक मारते आहे. मी ठेवलेलं मातेबोहो हे नाव तुला कधीच रुचलं नाही. आमच्याकडे बाईला नाव मिळतं ते तिच्या लेकराचं. खोत्सोची आई म्हणून मी मखोत्सो, तेबोहोची आई म्हणून तू मातेबोहो. मूल पोटात यायच्या आधीच आम्ही त्याचं नाव ठरवून टाकलं म्हणून तू भर लग्नात तोंड वाकडं केलं होतंस, आणि पुढे माझ्या तेबोहोला तुमच्या कड्यावर नेऊन त्याचं नाव इन्ती केलंस. आज म्हटलं, होऊ दे हिच्या मनासारखं. म्हणून वायरा.

लेकाऊने पत्र हातात देताना सांगितलंच असेल की दार लोटून घे आणि बसून वाच. माझा हा भाचा गाडी चालवण्यात वाकबगार, पण निरोप सांगताना निम्मा गिळतो, म्हणून लिहितेही आहे. रिकामी टोपली परत धाडताना दर वेळी तू एकच विचारतेस, खोत्सो शेवटी काय बोलला. आज ते सांगणार आहे. मात्र माझ्या पद्धतीने, बाकीचं सगळं बोलून झाल्यावर. शेवट आधी वाचू नकोस. म्हातारीचा एवढा मान तू ठेवशील, हे मला ठाऊक आहे.

इकडे सगळं बरं आहे. खळग्याच्या पूर्वेला बर्फाचा नवा थर लागला, इतका स्वच्छ की जुनी माणसं बघायला खाली उतरली. खोत्सोची आत्या अजून भांडते, म्हणजे ठणठणीत आहे. तिचं म्हणणं, मी तुम्हाला भाज्या पाठवून मोखेथी घराण्याची लाज काढली. बर्फ आमचं, वीज तुमची, एकमेकांवाचून दोघांचाही दिवस जात नाही आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही, हे चंद्रावरचं शेंबडं पोरही जाणतं. मग कड्यावरच्या त्या किस्पे लोकांना गाजरं कसली पाठवतेस, असं ती विचारते. मी म्हणते, नातू आहे तिथे. तुला आठवतं का, तू नवी नवरी असताना आमच्या अंधाराला घाबरून खोलीतला दिवा मालवू देत नव्हतीस? आत्या ओरडायची, खोत्सो मात्र दिव्यावर फडकं टाकून तसाच झोपायचा. उजेडाच्या घरची पोर आहे, हळूहळू सवय होईल, असं तो मला समजवायचा. मला तुझा राग यायचा आणि त्याच्याकडे पाहून जायचा.

तुझा भाऊ कसा आहे? अमारूची तब्येत चांगली राहो, हे मी मनापासून म्हणते. त्याने पुष्कळ जगावं. आमची बर्फाची गाडी उशिरा आली म्हणून त्याने खळग्याची वीज तोडली, तेव्हा म्हणे कड्यावरच्या खोलीत सगळे बसून चहा पीत होते आणि तो म्हणाला होता, "बसू दे तासभर काळोखात, अक्कल येईल." आली अक्कल. खोत्सो त्या वेळी खाणीच्या तळाला होता आणि त्याच्या पोशाखाला ऊब तुमच्या तारेतून जात होती. बैठकीत सगळे म्हणाले, अपघात. मीही मान हलवली. अपघाताला शिक्षा नसते, एवढं मला कळतं.

पण मुलाचं काय करायचं यावर जेव्हा पंच बसले, तेव्हा अमारू जे बोलला ते मी गाठीशी बांधलं आहे. मी म्हटलं होतं, माझा मुलगा तुमच्या घरामुळे गेला, त्याचं मूल तरी माझ्या घरात वाढू द्या. त्यावर तो हसून म्हणाला, "म्हातारे, तुमचे हात बर्फ खणून खणून गार पडलेत. त्या हातांत पोर जगायचं नाही." सगळी बैठक हसली. तू हसली नाहीस, ते मी पाहिलं. पण तू उठून उभीही राहिली नाहीस. खोत्सो असता तर उठला असता. पंचांनी सांगितलं, पहिला दात पडेपर्यंत मूल आईपाशी, पुढे रीतीप्रमाणे. तुम्ही कड्यावरचे लोक खूश होऊन गेलात, कारण रीत काय आहे याचा तुम्हाला विसर पडलाय. उजेडात राहून माणसाला असं होतं. पुढ्यात दिसेल तेवढंच खरं वाटतं.

रीत तुझ्याच पणजोबांनी पाडली, माझ्या आजोबांच्या साक्षीने. इथे माती नव्हती, नुसती काचेसारखी टोचणारी भुकटी होती. पहिली माती आपल्या मेलेल्या माणसांची झाली आणि तेव्हापासून प्रत्येकाचा वाफा त्याच्या नावाचा. म्हणून कुणी भाजी दिली की तोंडात घालण्याआधी विचारायचं, कोणाचा वाफा. देणाऱ्याने खरं नाव सांगायचं, खाणाऱ्याने त्या माणसाचं भलं चिंतायचं. न विचारता खाल्लं, तर जो असेल तो पत्करला. आणि पहिल्या उपासमारीत पोरकी मुलं वाटून घेताना म्हाताऱ्यांनी ठरवलं, ज्याचं मेलेलं माणूस मुलाला पोसतं, त्या घरचं मूल. पहिला दात पडतो त्या दिवशी मुलाच्या पोटात ज्या घरचा वाफा, त्या घरी ते जातं. इतकी वर्षं प्रत्येक मूल आपापल्या घरीच जेवत होतं, म्हणून कुणाला हे आठवायची गरज पडली नाही.

खाणीतून काढून वर तुमच्या दवाखान्यात नेलेल्या खोत्सोला तू आमच्याकडे परत दिलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तुझे लोक नको म्हणत असताना तू त्याला गाडीत घालून स्वतः खाली घेऊन आलीस आणि माझ्याबरोबर त्याच्या वाफ्यात हात घातलेस. तेव्हा तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात खोटा नव्हता. तू निघताना तेबोहोसाठी मी घेवड्याची रोपं दिली, आठवतं? पोराने हौसेने तुमच्या बागेत लावली. पुढे तुमच्या बागेला मर लागली आणि वाफ्यामागून वाफे पिवळे पडत गेले. लोक म्हणतात, ती मर त्या रोपांबरोबर आली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! मी तर ऐकल्याबरोबर पहिली टोपली पाठवली. गोठवून वाळवलेल्या बटाट्यांवर मोठी माणसं तग धरतील, पण वाढत्या अंगाच्या पोराला ओलं, हिरवं काही नको का?

मी पालेभाजी पाठवली, बीट पाठवले, मग गाजरं. कोणाचा वाफा, हे तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं. जेवणाच्या बाबतीत आम्ही मोखेथी खोटं बोलत नाही. पहिल्या खेपेला मला वाटलं, घाईत विसरली असेल. दुसऱ्या खेपेला मनात आलं, भूक लागली की माणूस कसलं विचारतंय. मग तुझा निरोप आला की गाजरं फार गोड आहेत आणि इन्ती ती झोपतानाही हातात धरतो. त्या दिवशी मला उमगलं, की तुला ठाऊक आहे. खाली येऊन त्या मातीत तू हात घातले होतेस. नवऱ्याबरोबर जेवल्यासारखं वाटत होतं ना तुला? त्याचं थोडंसं रोज पोराच्या पोटात जावं, असं वाटत होतं. विचारायचं म्हटलं तर नाव ऐकावं लागलं असतं, आणि नाव ऐकल्यावर अमारूने टोपली बाहेर फेकली असती. म्हणून तू गप्प राहिलीस. इतकं प्रेम तू माझ्या मुलावर करत होतीस, हे मला तो जिवंत असताना कळलं असतं तर बरं झालं असतं. मी मात्र त्या प्रेमावर भिस्त ठेवून टोपल्या भरत राहिले, आणि तुझ्या प्रेमाने मला एकदाही दगा दिला नाही.

आता दाताचं. परवा लेकाऊ टोपली घेऊन आला तेव्हा तेबोहो उड्या मारत दारात आला होता. गाजर चावताना दात पडला होता आणि त्याला तो सगळ्यांना दाखवायचा होता. तूही भोळेपणाने दात कागदात गुंडाळून माझ्यासाठी पाठवलास. आजीला आनंद होईल, असं तुला वाटलं असणार, आणि झालाही. लेकाऊबरोबर त्या दिवशी आमचे एक पंच आले होते, वीजतारेची पाहणी करायची असं सांगून. लेकाऊ उकिडवा बसला आणि त्याने पोराला विचारलं, "काय रे, गाजर कोणाचं?" तेबोहो म्हणाला, "बाबांचं. आई म्हणते, बाबा जेवण पाठवतात." हे तू त्याला शिकवलं होतंस. वायरा, इतकं सुंदर उत्तर मलासुद्धा पढवता आलं नसतं. पंचांनी ते दोन्ही कानांनी ऐकलं आणि कालच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. तुमच्या बाजूच्या पंचांनाही पोर आमच्या घरचं, असा निकाल द्यावा लागला. अमारूला ते आज सकाळी कळवणार होते. त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही. माझ्या गार हातांबद्दल तो काही म्हणाला, तर मला जरूर कळव.

आता खोत्सो काय बोलला ते सांगते. तुमची तार बंद झाली तरी त्याच्या रेडिओत थोडा जीव उरला होता, आणि वर मी होते. दात वाजत होते त्याचे, शब्द तुटत होते. त्याने तुझं नाव घेतलं. मग म्हणाला, "आई, पोराला वायरापाशीच राहू दे. त्याला उजेडात वाढू दे." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला नाही कोण म्हणतं? हे मी बैठकीत सांगितलं असतं तर एका शब्दात निकाल तुझ्या बाजूने लागला असता, आणि पुढे कुणी रीत काढली नसती. आज सांगायला हरकत नाही, कारण आता त्याचा कुणाला उपयोग नाही. आणि एवढं मोठं पत्र का लिहिलं, तेही सांगते. मी अशी फापटपसारा मांडणारी बाई नाही, तुला माहीत आहे. तुझ्या दारापासून आमच्या गाडीपर्यंत पोराला न्यायचं, त्याला पोशाख चढवायचा, गळ्याची कडी नीट बसली का पाहायचं, आणि कडा उतरून खळग्याच्या सावलीत शिरायचं, याला जितका वेळ लागतो तितकं हे पत्र लांब आहे. मी मोठ्याने वाचून पाहिलं. खोत्सोचं नाव जिथे आहे तिथे तू थांबशील, परत वाचशील, डोळे पुसशील, तेही धरलं आहे. तेबोहो रडणार नाही. बाबांचा वाफा बघायला जाऊ या, असं लेकाऊने त्याला सांगितलं आहे. मुलगा मेला तरी माझं नाव गेलं नाही, मी खोत्सोची आई ती खोत्सोचीच आई. पण तेबोहोची आई हे नाव आमच्या घरचं होतं, ते पोराबरोबर घरी परत आलं. तू उठू नकोस. दाराबाहेर आता कुणी नाही.

तुझीच,
मखोत्सो