भांडणाची भाषा

४ मार्च
आज बायकोशी भांडण. नियमाप्रमाणे ऑफिसच्या भाषेत. तिची भाषा वेगळी, माझी वेगळी, म्हणून लग्न ठरतानाच कबूल झालं होतं – लाडीगोडी कुठल्याही भाषेत चालेल, भांडायचं मात्र तिसऱ्याच. कुणालाच घरचं मैदान नको! त्यामुळे आमची भांडणं म्हणजे सरकारी पत्रव्यवहार. ‘ओला टॉवेल पलंगावर ठेवण्यास माझी हरकत आहे.’ ‘हरकतीची नोंद घेतली आहे.’ मग हसू फुटतं आणि भांडण मिटतं.

आजचा विषय मोठा होता. तिला माहेरच्या गावी रक्तपेढीत वरची जागा मिळतेय. सासरे तिथे एकटेच असतात. जायचं का? शेवटी मीच म्हणालो, ‘प्रस्ताव व्यवहार्य आहे.’ ती म्हणाली, ‘सहकार्याबद्दल आभारी आहे.’ झालं! चहा प्यायलो आणि झोपलो.

५ मार्च
दुकानात चष्म्याच्या काचा घासत होतो. मालकांना म्हटलं, ‘काका, आम्ही हे गाव सोडतोय.’ आपल्या भाषेत. एवढं बोललो आणि काच खाली ठेवून स्टुलावर बसलोच. हे मी कधी ठरवलं? काल तर काहीच दुखलं नव्हतं! काका म्हणाले, ‘अरे, आधी पाणी पी.’

७ मार्च
ती खुशीत. कपाटं आवरताना गुणगुणतेय. माझी बोलायची हिंमत होईना.

९ मार्च
बोललो. नियम मोडला! ‘मला नाही जायचं गं! इथे मला सगळे ओळखतात. तिथे मी कोण? तुझा मुका नवरा!’

तिनं हातातली उशी आपटली आणि सुरू झाली – तिच्या भाषेत. हातवारे काय, डोळे काय! आवाज पार खालच्या मजल्यापर्यंत. मला ओ की ठो कळेना. आमची ही म्हणजे गरीब गाय, शब्द मोजून-मापून बोलणारी. ही बाई मी कधी पाहिलीच नव्हती. चिडलेली, आणि काय सुंदर दिसत होती!

‘काय म्हणालीस?’
‘त्याचं भाषांतर होत नाही,’ म्हणाली आणि आत गेली.

१० मार्च
अबोला. गुपचूप मेहुणीला फोन केला. तिला हसू आवरेना. ‘अहो भावोजी, ताईला घरात आम्ही भोंगा म्हणतो! ती बोलायला लागली की दुसऱ्या कुणाचा नंबरच लागत नाही. तुमच्याकडे तुमच्या भाषेत चुकायला नको म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते ती. दमते हो.’

आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगतो, शांत स्वभावाची बायको मिळाली म्हणून!

११ मार्च
भोंगा! आज दिवसभर एकटाच हसत होतो. काकांनी दोनदा विचारलं, बरा आहेस ना? मग काच पुसता पुसता डोळेच पुसावे लागले. माझ्या घरात इतकी वर्षं कुणीतरी दबक्या आवाजात राहतंय.

१४ मार्च
सकाळी तिला म्हटलं, ‘हो, जाऊ या.’ या वेळी आपल्या भाषेत. फार दुखलं.

भोंगा वाजला. खालचे वर धावत आले!